गोणपाटाचं दार

मिस्त्रीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकवून नवीकोरी दारं उभी केली होती आणि मधल्या जागेत सुताराच्या लाकडी घोडीवर आणखी एक दार आडवं पडलं होतं. मिस्त्री उघड्या अंगाने त्यावर रंधा ओढत होता. सकाळच होती, पण उन्हाचा चटका आत्ताच पाठीला बसत होता. घामाचा थेंब लाकडावर पडला की तो मनगटाने पुसायचा आणि पुन्हा रंधा ओढायचा. ढलप्या त्याच्या पायात येत होत्या.

ही दारं मोठ्या गावातल्या खाजगी शाळेची. तिथल्या मालकाने मुलींच्या संडासांची सगळी दारं बदलायला काढली होती. मिस्त्रीने दारं करून द्यायची आणि त्याच्या मुलीने तिथे शिकायचं, असा सौदा ठरला होता. मिस्त्री चारचौघांत म्हणायचा, "पोरीच्या शिक्षणासाठी हात झिजवतोय." ते काही खोटं नव्हतं. तळहाताला घट्टे होतेच.

"मी निघते," बायको उंबऱ्यातून म्हणाली. "गाडी आली की पिंगीला नीट बसवून द्या. परवा दप्तर बाहेर लोंबत होतं."

"बसवतो."

पिंगी बुटांत पाय घालून, गळ्यातला टाय ओढत ओट्यावर बसली होती. ती पाचवीत होती. आई निघाली होती गावातल्या सरकारी शाळेत, दुपारचं जेवण रांधायला. ज्या बाईचं मूल त्या शाळेत असेल तिलाच ते काम मिळायचं, असा नियम. म्हणून पिंगीचं नाव तिथल्या हजेरीवर अजून होतं. मास्तरांनी ते काढलं नाही, कारण नावं घटली की शाळेला कुलूप लागणार होतं. मिस्त्रीच्या बायकोने काढा म्हटलं नाही, कारण काम गेलं असतं. तेव्हा पिंगी एका शाळेत अंगाने जात होती आणि दुसरीत नावाने. याबद्दल कुणी बोलायचं नाही, असं कुणीही न सांगता ठरलं होतं.

गाडी पिंगीला घेऊन गेली आणि लगेच मास्तर आले. मोटारसायकल कुंपणाला लावून आत शिरताना त्यांना दारांमधून अंग चोरून यावं लागलं.

"या मास्तर. आज शाळा नाही?"

"आहे. परवा तपासणीच्या मॅडम येणार आहेत मोजायला."

"काय मोजायला?"

"मुलं. दुसरं काय आहे आमच्याकडे मोजण्यासारखं?" मास्तर एका लाकडावर बसले. "संख्या भरली नाही तर शाळा बंद करून मुलं पलीकडच्या गावात पाठवणार म्हणतात. मधे तो ट्रकांचा रस्ता. कोण पाठवील? तुमच्याकडे आलो ते एवढ्यासाठी, की परवाच्या दिवशी पिंगीला गाडीत बसवू नका. गावातली गाडीने जाणारी सगळी मुलं त्या दिवशी आपल्याकडे बसवायची. मी दारोदार फिरतोय."

"म्हणजे पोरं उसनी मागताय."

"संध्याकाळी जशीच्या तशी परत," मास्तर म्हणाले आणि स्वतःच ओशाळून हसले.

मास्तर वाईट नव्हते. फळ्यापाशी उभे राहिले तर चांगलं शिकवायचे. पण त्यांना उभं राहू कोण देतं? दुसऱ्या मास्तरांची बदली झाली ती जागा भरलीच नाही, आणि या एकट्याला सरकार कधी माणसं मोजायला पाठवी, कधी जनावरं. तेवढे दिवस मुलं पटांगणात आपली आपण शिकत. जाताना मास्तरांनी भिंतीजवळच्या एका दारावरून हात फिरवला. कडी सरकवून बघितली.

"छान झाली आहेत."

मिस्त्रीने रंधा थांबवला. "सरकारला पुन्हा लिहिलंत का हो, आपल्या दाराचं?"

"लिहिलं. म्हणतात, आधी मुलं दाखवा, मग दार."

मास्तर गेले. मिस्त्रीने रंधा उचलला, पण पहिला हात आडवा गेला आणि लाकडाचा टवका उडाला. त्याने स्वतःलाच एक शिवी दिली.

आपलं दार म्हणजे सरकारी शाळेतल्या मुलींच्या संडासाचं दार. गेल्या उन्हाळ्यात वावटळीने ते बिजागरीसकट उपटलं होतं. मास्तरांनी तिथे गोणपाट टांगलं. मग पालकांची सभा झाली आणि तिच्यात सगळ्यांत मोठा आवाज मिस्त्रीचा. "सरकारी काम सरकारने करावं," तो म्हणाला होता. "आज आपण दार लावलं तर उद्या छप्पर आपणच घालायचं, परवा मास्तरही आपणच आणायचा. मी सुतार आहे म्हणून मी फुकट राबायचं का?" लोकांनी माना डोलावल्या. त्याच सभेत त्याला पालकांचा पुढारी निवडलं. मग एक दिवस पिंगी आत असताना मोठ्या पोरांनी गोणपाट ओढलं आणि पळाली. पिंगी घरी आली ती कोपऱ्यात तोंड घालून बसली, जेवली नाही. पुढच्याच आठवड्यात मिस्त्री मोठ्या गावी जाऊन दारांचा सौदा ठरवून आला. गाव म्हणालं, बाप असावा तर असा.

दुपारी शाळेच्या पडवीत मिस्त्रीची बायको भात वाढत होती. चुलीपुढे बसून तिचा चेहरा लाल झाला होता. मुलं ताटल्या घेऊन ओळीत येत होती, तिला मावशी म्हणत होती. वाढून झालं की ती पाण्याची बादली घेऊन फिरे. ओळीच्या टोकाला मेंढपाळाची मुलगी बसली होती. तिला सगळी टिटवी म्हणत. लांबून कुणी येताना दिसलं की ती खणखणीत आवाजात ओरडून सांगायची, म्हणून ते नाव. पिंगी इथे होती तोवर या दोघींचं सूत जमलेलं होतं. एक आत गेली की दुसरी बाहेर गोणपाटाची दोन्ही टोकं मुठीत धरून उभी राहायची. टिटवी एकदा जरा बाजूला गेली होती, नेमकं तेव्हाच पोरांनी डाव साधला होता.

आता पाचवीत टिटवी एकटी मुलगी होती. शाळेतल्या बाकीच्या सगळ्या मुली बारक्या, त्यांना पटांगण चालत होतं.

"पेला पुढे कर," मिस्त्रीची बायको म्हणाली.

"नको मावशी."

"एवढ्या उन्हात?"

"तहान नाही."

टिटवीचे ओठ फुटले होते. भातही तिने थोडाच घेतला होता, आणि डाळ नकोच म्हणाली होती. मिस्त्रीच्या बायकोने बादली तिच्यापुढे क्षणभर धरली. तिला कारण ठाऊक होतं. दोन मुलींची आई झालेल्या बाईला ते सांगावं लागत नाही, आणि तिची थोरली लग्न होऊन गेली होती. गेले कित्येक महिने ती रोज विचारत होती, टिटवी रोज नको म्हणत होती, आणि ती बादली पुढे नेत होती.

"बाबा म्हणतात, आता पुरे झाली शाळा," टिटवी आपणहून म्हणाली. "पुढच्या महिन्यात मेंढरं लांब न्यायची आहेत. म्हणतात, तूही चल."

"तुला जायचंय?"

"मला पुस्तक पुरं करायचंय. पण तिकडे रानात बरं असतं. आडोसा असतो." एवढं बोलून ती ताटली घासायला उठली, आणि उठताना तिने भिंतीला हात टेकला.

संध्याकाळी मिस्त्री हातपाय धुऊन ओट्यावर टेकला. बायको आतूनच म्हणाली, "त्या दाराचं काहीतरी करा."

"कुठल्या?"

"तुम्हाला माहीत आहे कुठल्या."

"सरकारला लिहिलंय."

"टिटवी पाणी पीत नाही दिवसभर."

मिस्त्रीने ओल्या हाताने मान पुसली. मग म्हणाला, "मेंढपाळाला सांग की. त्याला नाही का पोरीची काळजी?"

"तो मेंढरं राखतो. दारं तुम्ही करता."

"आणि ही अंगणात उभी आहेत ती काय हौसेने केली? ती वेळेवर गेली नाहीत तर पिंगीला घरी बसावं लागेल. आधी आपलं बघायचं की गावाचं? आणि सभेत मी सगळ्यांसमोर बोललोय, दार लावणार नाही म्हणून. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"

"असं म्हणा की मग," बायको म्हणाली. "सरकार कशाला मधे आणता?"

पिंगी आत पाठांतर करत होती. खाजगी शाळेची कविता ती धडाधड म्हणायची, एक अक्षर चुकायची नाही. आईने सहज विचारलं, "म्हणजे काय गं?" तेव्हा पिंगी म्हणाली, "ते नाही सांगितलं. ते परीक्षेत येत नाही." मिस्त्रीने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

मॅडमच्या दिवशी गावात वेगळीच गंमत. गाडीने जाणाऱ्या पोरांना जुने गणवेश घालताना आयांची तारांबळ उडाली. कुणाच्या चड्डीचं बटण लागेना, कुणाचा सदरा काखेत उसवला. पिंगीचा झगा गुडघ्याच्या वर चढला होता, ती तो सारखा खाली ओढत होती. पुढारी म्हणून मिस्त्री धुतलेला सदरा घालून फाटकाशी उभा राहिला. वर्ग गच्च भरला. मास्तरांना गच्च वर्गात शिकवायची सवय राहिली नव्हती, त्यांचा आवाज बसला.

टिटवीने पिंगीला दारातच धरलं आणि आपल्या शेजारी बसवलं. मिस्त्रीची बायको पडवीतून बघत होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी टिटवी धावत आली आणि माठातून पेला बुडवून पाणी प्याली. तो संपला तसा दुसरा भरला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं, तिला भान नव्हतं. पेला ठेवून तिने पिंगीचा हात धरला आणि दोघी शाळेमागे पळाल्या.

मिस्त्रीची बायको हातातला वाढायचा डाव तसाच धरून उभी राहिली. आपली पोर आली म्हणून दुसऱ्याची पोर पाणी प्याली, हे तिला डोळ्यांनी दिसलं. तिला चुलीपुढे बसवेना.

मॅडम मध्यम वयाची, उन्हाने कावलेली बाई होती. डोकी मोजून झाली होती. मास्तर आणि मिस्त्री तिला इमारत दाखवत मागच्या बाजूला घेऊन आले. मागोमाग चार बापे आणि मेंढपाळही होता. तो काठी बगलेत धरून सगळ्यांच्या शेवटी चालत होता. संडासासमोर पिंगी गोणपाटाची दोन टोकं मुठीत आवळून, पाय फाकून उभी होती.

"इथे काय करतेस गं?" मॅडमने विचारलं.

"दार धरलंय. टिटवी आत आहे."

"तू कुणाची?"

पिंगीने हात सुटू नये म्हणून हनुवटीने दाखवलं. "यांची. मिस्त्रींची."

"मिस्त्री म्हणजे?"

"सुतार," मागून कुणीतरी म्हणालं.

मॅडमने एकदा गोणपाटाकडे पाहिलं, एकदा मिस्त्रीकडे. मागे एक बाप्या फिसकन हसला आणि त्याने ते खोकल्यावर नेलं. मिस्त्रीचे कान तापले.

"रोज अशीच धरतेस?"

"मी रोज नसते," पिंगी म्हणाली. "मी गाडीने जाते. मी नसले की ही पाणीच पीत नाही. आज प्याली."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्रीला वाटलं, पुढे होऊन पोरीच्या तोंडावर हात ठेवावा, पण हात वर उचलला गेला नाही. पिंगीला आपण काय बोललो हे कळलंच नव्हतं. आतून टिटवी म्हणाली, "झालं, सोड," आणि बाहेर एवढी माणसं बघून पुन्हा आतच राहिली.

"मास्तर," मॅडम म्हणाली, "गाडीने जाणारी किती आहेत ती बाजूला बसवा."

बसवली. उरलेल्यांत वर्ग उघडा पडला. मॅडम ओरडली नाही, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी महिन्याने पुन्हा येईन. त्या दिवशी जी खरी असतील ती मोजीन. नाही भरली तर बंद." मग मिस्त्रीच्या बायकोकडे वळली. "तुमची मुलगी इथे शिकत नाही. मग हे काम?"

"उद्यापासून शिकेल," मिस्त्रीची बायको म्हणाली. तिची मान खाली होती आणि बोलणं स्वच्छ होतं. "कामासाठी नाही म्हणत मी. काम काढलंत तरी शिकेल."

मिस्त्रीला विचारायची तिला गरज वाटली नाही, आणि हे चार बाप्यांच्या देखत झालं.

दुसरा दिवस उजाडला. सकाळी गाडीने कुंपणापाशी बराच वेळ भोंगा वाजवला आणि ती निघून गेली. बायको पिंगीचं बोट धरून शाळेची वाट चालू लागली होती. मिस्त्री अंगणात उभा राहिला. त्याने खाजगी शाळेचं एक दार उचलून घोडीवर टाकलं. माप त्याला घ्यावं लागलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून ते माप त्याच्या डोक्यात होतं, सभेत भाषण ठोकत असतानासुद्धा होतं. त्याने खालून करवतीने कापलं, कडेने दोन हात रंधा मारला, दार खांद्यावर घेतलं आणि निघाला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात टिटवी नव्हती. कालचं हसू होतं. गावाचं तोंड बंद करावं, एवढंच त्याला सुचत होतं.

शाळेमागे मेंढपाळ उभा होता. मुलीला सोडायला आला होता, कारण काल ती घरी रडली होती. दार येताना दिसलं तसा तो पुढे झाला, काठी बाजूला टाकून त्याने दाराचं दुसरं टोक धरलं. दोघांनी गोणपाट उतरवलं. मिस्त्रीने बिजागऱ्या लावल्या, मेंढपाळ खालून दार पेलून धरत होता. त्याला या कामाची सवय नव्हती, त्याचे दंड थरथरत होते. पण तो हलला नाही.

"जरा वर घ्या," मिस्त्री म्हणाला.

"घेतो." मेंढपाळाने गुडघा खाली दिला. "मिस्त्री, तुमचे उपकार झाले. कसे फेडू सांगा. सणकाडीसारखी वाळली होती पोर. हंगाम संपेपर्यंत ठेवतो आता तिला इथेच, तिची आजी राहील सोबत."

"उपकार कसले," मिस्त्री म्हणाला.

"नाही कसे? मी तुम्हाला कधीचं विचारणार होतो, दार बसवता येईल का म्हणून. पण तुम्ही तुमच्याच मुलीला इथून काढून नेलं. मी म्हटलं, ज्याला दारातलं कळतं तोच पोर घेऊन चाललाय, म्हणजे इथे दार बसण्यासारखं नसणारच. भिंतच कच्ची असेल. नाहीतर मिस्त्रीने बसवलं नसतं का? म्हणून विचारलंच नाही. आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

मिस्त्रीच्या हातातला पेचकस थांबला. नुसतं हो म्हणायचं होतं. भिंत कच्ची होती, आता पक्की केली, असं म्हणालं की मिटलं असतं. मेंढपाळाने विश्वास ठेवला असता. तो अजून खालून दार पेलून धरत होता आणि कृतज्ञपणाने वर बघत होता.

"भिंत पक्की आहे," मिस्त्री म्हणाला. "दार केव्हाही बसण्यासारखं होतं. मीच बसवलं नाही."

मेंढपाळाला पहिल्यांदा नीट कळलं नाही. "वेळ नसेल मिळाला."

"वेळ होता. एका सकाळचं काम. बघताय ना तुम्ही."

वर्गात मास्तर पाढे म्हणून घेत होते. त्यात पिंगीचा आवाज होता आणि त्याच्यावर टिटवीचा. मेंढपाळाने गुडघा काढून घेतला. दार आता आपल्या बिजागऱ्यांवर उभं होतं, त्याला कुणी धरायची गरज नव्हती. त्याने काठी उचलली, पण निघाला नाही.

"संध्याकाळी घरी आली ना," तो म्हणाला, "की पळत जाऊन हौदाला तोंड लावायची. मेंढरांच्या आधी. मेंढरं खोळंबायची मागे. आम्ही हसायचो तिला. मी आणि तिची आई. तिची आजीसुद्धा. म्हणायचो, आमचं हे मेंढरू सगळ्यांत तहानलेलं." त्याने काठी जमिनीला टेकवली. "मिस्त्री, आम्ही हसायचो हो."

तो राग काढील, शिवी देईल, याची मिस्त्री वाट बघत होता. मेंढपाळाने तसं काही केलं नाही. पटक्याच्या टोकाने डोळे पुसले आणि फाटकाच्या दिशेने चालू लागला. जाताना येतो म्हणाला नाही.

मिस्त्रीला वर बघवेना. कडीचा एक स्क्रू राहिला होता, तो पिळायला बसला. स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता, तरी तो पिळत राहिला.